प्रवासाचा रतीब

साप्ताहिक सदर : छोटा पडदा, मोठा मुलूख
पांथस्थ

अमेरिकेतील ‘ट्रॅव्हल चॅनल’ ही केवळ प्रवासाला वाहिलेली वाहिनी १९८७ साली जन्मास आली तेव्हा तिचे पालकत्व ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या विमान कंपनीकडे होते, आणि एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर तिच्या पुढील चरित्राचा पुष्कळसा उलगडा होतो. ज्याच्यापाशी तिकिटे विकायला आहेत त्याने देशोदेशीचे समुद्रकिनारे दाखवावेत, यात वावगे काही नाही. परंतु विमान कंपनीने हात काढून घेतल्यावर वाहिनी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आणि दिवसाचे चोवीस तास भरण्याचे ओझे मात्र प्रत्येक मालकाच्या मानगुटीवर तसेच बसले. म्हणून २००३ साली तिथे पत्त्यांच्या जुगाराचे सामने आले, २००५ पासून अँथनी बोर्डेन यांची मुलुखगिरी आली (तो गृहस्थ खरोखर चांगला लिहिणारा व बोलणारा होता, त्याची गणना या भरतीत करू नये), आणि २००८ पासून झपाटलेल्या वाड्यांचा शोध सुरू झाला. आज त्या वाहिनीवर देश थोडे आणि भुते फार, अशी अवस्था आहे.

आपल्याकडची कथा निराळी नाही. डिस्कव्हरीने २००४ साली ‘ट्रॅव्हल अँड लिव्हिंग’ या नावाने वाहिनी आणली, ती २०१० मध्ये ‘टीएलसी’ झाली, आणि प्रवासाची जागा केक, लग्नाचे पोशाख व घरसजावट यांनी हळूहळू बळकावली. मुंबईतून २०११ साली निघालेल्या ‘ट्रॅव्हलएक्सपी’ने प्रवासाची कास सोडली नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे, पण तिथेही तीच शहरे, तीच उपाहारगृहे आणि तेच सूर्यास्त पुनःपुन्हा दाखविल्यावाचून गत्यंतर नसते. दुधाचा रतीब घालता येतो, कुतूहलाचा घालता येत नाही.

शहापूर-मुरबाडकडच्या प्रेक्षकाशी या वाहिन्यांचे नाते फार थोडे. आंब्याच्या फांदीवरून आणि विजेच्या खांबावरून लोंबत आलेली काळी केबल पहिल्या वळवाच्या वाऱ्यात तुटायची आणि दोन दिवस जोडली जायची नाही, हा इथला जुना परिपाठ. सरकारने केबलचे अंकीकरण चार टप्प्यांत केले, त्यांत मुंबई पहिल्या टप्प्यात, २०१२ सालीच उरकली. ग्रामीण भागाची पाळी शेवटच्या टप्प्यात आली आणि त्याची मुदत वाढत वाढत मार्च २०१७ पर्यंत गेली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामकाच्या फर्मानाने शंभर वाहिन्यांना कराव्यतिरिक्त १३० रुपये हा दर ठरला आणि वरच्या सशुल्क वाहिन्या ज्याने त्याने निवडून घ्यायच्या झाल्या. केबलवाल्याच्या यादीवर खुणा करताना घरात आधी मालिका, मग क्रिकेट, मग पोरांची व्यंगचित्रे यांची वर्णी लागते. प्रवासाच्या वाहिनीवर खूण करायला कोणी उरत नाही. यात प्रेक्षकाच्या अरसिकतेचा दोष मला दिसत नाही.

कारण हाच प्रेक्षक दूरदर्शनवरील ‘सुरभी’साठी आठवडाभर थांबत असे. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या त्या कार्यक्रमाला येणाऱ्या पत्रांचा लोंढा टपालखात्याला जड झाला होता. मराठीत मिलिंद गुणाजी यांची ‘भटकंती’ अल्फा मराठीवर लागे, तेव्हा गडकिल्ल्यांची वाट न तुडविलेली माणसेही पुढच्या भागात कोणता गड येणार याची चौकशी करीत. दोन्ही कार्यक्रम सर्वसाधारण वाहिनीवरचे आणि आठवड्यातून थोडा वेळ मागणारे. तेवढाच वेळ भरायचा असल्याने निवडीला अवसर राहतो, आणि निवड असली म्हणजे भुतांची गरज पडत नाही. प्रवासाला स्वतंत्र वाहिनी देण्यापेक्षा चालत्या वाहिनीवरचा एक निश्चित तास द्यावा, असे माझे मत आहे.

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पडद्यावर येतात ते बहुधा जुलै-ऑगस्टात. माळशेजचे धुके आणि विहीगावचा धबधबा, ज्याला २००१ सालच्या ‘अशोका’ चित्रपटाने आपले नाव चिकटवून टाकले. मग गर्दी लोटते, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मनाई हुकूम निघतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच धबधबा. वास्तविक दाखविण्याजोगे याहून पुष्कळ आहे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा लढा जिथून दिला तो माहुली गड आसनगाव स्थानकावरून दिसतो. वैशाखऱ्यापासून चढणारी वाट नाणेघाटात नागनिका राणीच्या ब्राह्मी लेखापर्यंत आणि जकातीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दगडी रांजणापर्यंत नेते. पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यात म्हसा गावची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराचे दर्शन उरकून माणसे जनावरांच्या बाजारात शिरतात. बैलाचा जबडा उघडून दात पाहणारे गिऱ्हाईक, विकायचा बैल हातचा जातो म्हणून मान फिरवून उभा असलेला धनी, आणि पलीकडे घोंगडी अंगावर ओढून तिची वीण बोटांनी चाचपणारी म्हातारी. हे सारे कॅमेऱ्यासमोर घडवून आणावे लागत नाही, फक्त वेळेवर पोहोचावे लागते.

तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईच्या नळांना पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हेही प्रवासवर्णनच आहे; मात्र त्याला प्रायोजक मिळविताना निर्मात्याची दमछाक होईल. म्हणून प्रवासाचा तो निश्चित तास सह्याद्री वाहिनीने द्यावा. सरकारच्या फ्री डिशवर ती फुकट दिसते आणि ज्या वाडीत केबल पोहोचत नाही तिथेही छपरावरच्या छत्रीतून येते. म्हशापासून आरंभ केला तर तेरा भागांची एक मालिका या दोन तालुक्यांतच सहज भरेल. माळशेजला शेवटचा भाग द्यावा, आणि चित्रण वैशाखात करावे.