व्हॅलियंटचा चढउतार : विकलेला माल आणि खपलेला माल

व्यापारी बंधूंना आज आम्ही कापडाविषयी नव्हे, तर अमेरिकेतील चित्रकथांच्या धंद्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. लहानपणीचे वाचन म्हणजे ‘खिलौना’ मासिक. कॉमिक्सशी आमचा संबंध नाही. परंतु कॉमर्सला असलेल्या आमच्या पुतण्याने व्हॅलियंट कंपनीची हकीगत सांगितली आणि आम्हाला आमच्याच पेठेची आठवण झाली.

या धंद्याची एक खुबी आधी समजून घ्यावी लागेल. कंपनीचे दहा-बारा महानायक असतात, प्रत्येकाचे वेगळे मासिक पुस्तक निघते, पण सर्वांची दुनिया एकच. एकाच्या पुस्तकात शहर जळाले तर दुसऱ्याच्या पुस्तकात त्याची राख दिसते. त्यामुळे एक घेणारा वाचक हळूहळू सगळीच घेऊ लागतो. आपल्याकडे सलवार-कमीज घेणाऱ्या बाईला जोडीचा दुपट्टा द्यावा, तसे हे.

व्हॅलियंटचे कर्तेधर्ते जिम शूटर. वडील पोलाद कारखान्यात कामगार, आणि हा मुलगा घरखर्चाला हातभार म्हणून चौदाव्या वर्षापासून डीसी कंपनीसाठी कथा लिहीत होता. पुढे १९७८ ते १९८७ ते मार्व्हलचे मुख्य संपादक होते. तेथून काढले गेल्यावर त्यांनी १९८९ मध्ये भागीदार आणि भांडवलदार गाठून नवी कंपनी उभी केली. १९९१ मध्ये ‘मॅग्नस’ आणि ‘सोलर’ ही जुनी पात्रे परवान्याने घेतली, १९९२ मध्ये ‘हार्बिंजर’, ‘एक्स-ओ मॅनोवॉर’, ‘शॅडोमॅन’ ही स्वतःची काढली. त्याच वर्षी ‘युनिटी’ नावाची अठरा भागांची कथा सर्व पुस्तकांतून एकत्र चालवली आणि तिचा पहिला भाग फुकट वाटला. नमुना फुकट, पण मालावर भरवसा. याला आम्ही धंदा म्हणतो.

सुरुवातीचे अंक थोडे छापले जात. त्यांत कुपने असत. ती कापून पाठवली की एक खास अंक मिळे. वाचकांनी कुपने कापली, सबब न कापलेले अंक दुर्मिळ झाले. गोडी लागलेले नवे वाचक जुने अंक शोधू लागले आणि भाव चढले. ‘विझार्ड’ नावाचे मासिक दरमहा हे भाव छापी, जसे आपण सुताचे भाव पाहतो. येथेच घोळ झाला. वाचणाऱ्याच्या मागे साठवणारा येऊन उभा राहिला. तो एक अंक वाचायला नव्हे, तर दहा अंक प्लास्टिकमध्ये घालून ठेवायला घेत होता.

शूटर यांना भागीदारांनी १९९२ मध्येच बाहेर काढले. नंतरच्या मंडळींनी साठवणाऱ्यासाठी माल काढला. १९९३ च्या ‘ब्लडशॉट’ला चकचकीत क्रोमियमचे मुखपृष्ठ, त्याच वर्षीच्या ‘टुरोक’लाही तेच. हलक्या सुताला जरीचा काठ, दुसरे काय! ‘टुरोक’चा पहिला अंक सतरा लाखांच्या आसपास छापला गेला. तेथील खास कॉमिक्स दुकानांचा रिवाज असा की, महिने-दोन महिने आधी ऑर्डर द्यायची, सूट जास्त घ्यायची आणि उरलेला माल परत करायचा नाही. कंपनीच्या वहीत सतरा लाख विकले गेले. गठ्ठे मात्र दुकानदाराच्या माळ्यावर पडून राहिले.

त्यातच इमेज कंपनीबरोबर काढलेल्या ‘डेथमेट’चे प्रकरण. व्हॅलियंटचे भाग वेळेवर आले, इमेजचे महिनोन्महिने रखडले. व्हॅलियंटचे संपादक बॉब लेटन यांना समोरच्या चित्रकाराच्या दारात जाऊन बसावे लागले, असे त्यांनीच पुढे सांगितले. (असली वसुली आमच्यापैकी कोणी केली नाही?) माल आला तोवर गिऱ्हाईक पांगले होते.

१९९४ मध्ये ॲक्लेम या व्हिडिओ गेमच्या कंपनीने साडेसहा कोटी डॉलर मोजून व्हॅलियंट विकत घेतली. पुढे ‘टुरोक’चा गेम चांगला चालला, पुस्तके मात्र बसत गेली आणि २००४ मध्ये ॲक्लेमचेच दिवाळे निघाले. पुष्कळ लोक सारा दोष ॲक्लेमला देतात. आमचे मत वेगळे आहे. ॲक्लेमने खरेदी केली तेव्हाच घर पोकळ होते. तिने मागणीचा आकडा पाहिला, पण ती मागणी दुकानदारांची होती, वाचणाऱ्यांची नव्हे. आणि दुकानदारांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. आपल्या गल्ल्यावर एकच माणूस वीस-वीस प्रती उचलतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. त्या वर्षांत तेथे हजारो दुकाने बंद पडली. त्यांत घर गहाण ठेवून दुकान मांडणारे साधे लोकही असतील.

आम्ही हे बोलतो ते अंगावर काढून. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरीच्या जांभळ्या साडीचे वेड लागले. आम्ही तेव्हा वडिलांच्या पेढीवर नवे. सुरतेहून चारशे नग मागवले. तीन आठवड्यांत तीनशे गेले, आम्ही खुशीत आणखी सहाशेची ऑर्डर दिली. वडिलांनी एवढेच विचारले, “पहिल्या तीनशे कोणी नेल्या?” वही पाहिली तर बहुतेक नग शेजारच्याच दुकानदारांनी नेलेले. भाव वाढेल म्हणून त्यांनी ठेवले होते, आमच्याप्रमाणेच. तो लॉट फेडायला दोन ईद गेल्या.

व्हॅलियंटची पात्रे मात्र मेली नाहीत. २००५ मध्ये दिनेश शामदासानी आणि जेसन कोठारी या तरुणांनी त्यांचे हक्क घेतले, २०१२ पासून पुस्तके पुन्हा निघाली. २०२० मध्ये ‘ब्लडशॉट’चा सिनेमाही आला, नेमका कोरोनात थिएटरे बंद होण्याच्या तोंडावर. शूटर २०२५ मध्ये वारले. क्रोमियमचा ‘टुरोक’ आजही जुन्या अंकांच्या पेटीत किरकोळीने मिळतो. कुपन शाबूत असलेला ‘हार्बिंजर’चा पहिला अंक मात्र चांगल्या स्थितीत शेकडो डॉलरला जातो, कारण तो थोडा छापला होता आणि लोकांनी वाचून वाचून फाडला होता.