दडवलेली चूक अधिक घातक

फुलसावंगीसारख्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात शेतकऱ्याची पत सातबाऱ्यावर ठरते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे पेऱ्याची नोंदही मोबाइलवरून होऊ लागली. तलाठ्याच्या दप्तराची जागा सर्व्हरमधील डिस्कने घेतली. दप्तराला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. डिस्कवर नोंद उमटलीच नाही, तर ते कोणी सांगायचे?

ही जबाबदारी प्रथम 'ड्रायव्हर'ची असते. संगणकाची कार्यप्रणाली आणि डिस्क यांच्यातील हा दुभाषा. डिस्कने 'लिहिता आले नाही' असे कळवल्यास तो निरोप त्याने वर पोहोचवायचा असतो. प्रत्यक्षात तो कधी कधी वाटेतच हरवतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये लिनक्स २.६ मधील फाइल प्रणाली व साठवणुकीचे तीन प्रमुख ड्रायव्हर तपासले. १,१५३ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के वेळा, त्रुटीचा संकेत दखल न घेताच सोडून दिला जात होता. वाचनापेक्षा लेखनातील त्रुटींकडे अधिक दुर्लक्ष होत होते, ही बाब विशेष चिंतेची.

दहा वर्षांनंतर, २०१८ मध्ये, जगभर वापरल्या जाणाऱ्या 'पोस्टग्रेस' या डेटाबेसच्या निर्मात्यांना याचाच प्रत्यय आला. लेखन फसल्यावर त्यांची प्रणाली पुन्हा विचारणा करी, आणि लिनक्स 'सर्व ठीक' असे उत्तर देई. कारण न लिहिलेले पान लिहिल्याप्रमाणे गणले गेलेले असे. फेब्रुवारी २०१९ मधील दुरुस्ती साधी, पण कठोर होती: लेखन फसताच डेटाबेस थांबवायचा आणि आधी टिपून ठेवलेल्या नोंदवहीतून तो पुन्हा उभा करायचा.

थांबलेली यंत्रणा गैरसोयीची असते, पण प्रामाणिक असते. खोटी ग्वाही देऊन चालू राहणारी यंत्रणा बँकेच्या दारात, कर्ज नाकारले गेल्यावरच उघडी पडते. त्यामुळे शासकीय संगणकप्रणाली स्वीकारताना केवळ वेग आणि सोय पाहून भागणार नाही. डिस्कमध्ये मुद्दाम बिघाड घडवून यंत्रणा तो कबूल करते की नाही, याची चाचणी अनिवार्य हवी. 'नोंद झाली' हा संदेश नोंद खरोखर झाल्यावरच दिसला पाहिजे.