आधी जागा, मग ॲव्हरेज

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला आपला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" विकणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. सिटीत 18, हायवेला 22. मग टायर बघून होतात, रंग बघून होतो, म्युझिक सिस्टिम वाजवून होते, किमतीची घासाघीस सुरू होते. घरची माणसं या गाडीत बसणार कशी, हे विचारायचं मात्र राहून जातं. माझं स्पष्ट मत आहे की घरासाठी जुनी गाडी घेताना हा क्रम उलटा हवा. आधी जागा, मग ॲव्हरेज.

ॲव्हरेजच्या आकड्यावर आपला एवढा विश्वास का बसतो? तो छापील असतो म्हणून. कंपन्या जाहिरातीत देतात त्यातले बरेच आकडे पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीतून आलेले असतात. तिथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. रोलरवर चढवून, ठरवून दिलेल्या वेगांनी साधारण 20 मिनिटं चालवतात. वेग 90 च्या वर जात नाही. इतकी वर्षं ही चाचणी एसी बंद ठेवूनच होत आली आहे. खड्डे नाहीत, चढ नाही, हिंजवडीच्या रस्त्यावरची संध्याकाळ नाही. म्हणून आकडा खोटा ठरत नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या की कोणती कमी पिते आणि कोणती जास्त, एवढं नक्की कळतं, आणि तो आकडा त्यासाठीच आहे. पण आठ वर्षं कुणीतरी दामटलेली गाडी तुमच्या हातात आल्यावर तेवढंच ॲव्हरेज देईल, असं धरून चालू नये. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्याच नाहीत. म्हणजे ॲव्हरेज थोडं खाली येणार, हे गृहीत धरूनच बोलणी करावीत.

त्याहून महत्त्वाचा आहे तो साधा भागाकार, आणि तो कुणी करत नाही. समजा, वर्षाला गाडी 12,000 किलोमीटर चालते. लिटरला 10 देणारी गाडी सोडून 15 देणारी घेतली, तर वर्षाला 400 लिटर वाचतात. 20 देणारी सोडून 25 देणारी घेतली, तर वाचतात फक्त 120 लिटर. दोन्हीकडे फरक पाचाचाच, पण खिशाला जाणवतो तो पहिला. वरच्या टोकाला एक-दोन किलोमीटरसाठी आपण गाडीच्या गाडी नाकारतो, आणि हाती लागतं ते घरातल्या एखाद्या महिन्याच्या वीजबिलाएवढं. रनिंग निम्मं असेल, तर ही बचतही निम्मी. म्हणून "किती देते?" याच्या आधी "आपली वर्षाला चालणार किती?" हे स्वतःला विचारायला हवं.

माझी थोरली बहीण चिंचवडला राहते. घरात ती, दाजी, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई. त्यांना मी काकू म्हणतो. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. गाव पाटण तालुक्यात. गणपतीला, दिवाळीला, मे महिन्यात आणि मध्ये कुणाचं लग्न-बारसं निघालं की सगळ्यांनी जायचं, आणि येताना तांदूळ, नाचणी, शेंगा घेऊन यायचं. यंदा गाडी घ्यायची ठरली तेव्हा दाजींनी निर्णय जवळपास करूनच टाकला होता. "सीएनजीची वॅगन-आर घेतो, खर्चच नाही." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही तर चाकणला कंपनीच्या बसने जाता. गाडी चालणार किती?" आम्ही कागद घेऊन बसलो. आठवड्याचा बाजार, दवाखाना, मुलांचे क्लास, गावच्या फेऱ्या. सगळं धरून वर्षाला 7,000 किलोमीटरच्या पुढे आकडा जाईना.

मग काकूंना घेऊन गाड्या बघायला निघालो. विकणाऱ्यांना हे जरा नवीन होतं. पहिली गाडी डिझायर. काकूंनी दाराकडे पाठ केली, एक हात चौकटीवर ठेवला आणि बसायला लागल्या. सीट खाली, त्यामुळे शेवटची वीतभर अंग सोडूनच द्यावं लागलं. पाय आत घेताना गुडघा पुरता दुमडेना. उतरताना ताईने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने हात दिला, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. गाडी उत्तम होती, फर्स्ट ओनर, सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली. पण ज्या माणसाला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं आहे, त्याला ती चढता-उतरता येत नव्हती. वॅगन-आरचं उलट. सीट उंच, दार उंच, काकू आपल्या आपण बसल्या आणि आपल्या आपण उठल्या. मग दोन्ही मुलांना शेजारी बसवलं. मोठा आठवीत आहे, खांद्याने बापाच्या जवळ आलाय. तिघं बसली खरी, पण काकूंना पाय लांब करायला जागा उरली नाही, आणि ऑपरेशननंतर तासन्‌तास पाय दुमडून बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं.

तिसरी एर्टिगा, 2017 ची, पेट्रोलवाली. या गाडीची मधली सीट मागे-पुढे सरकते. ती पूर्ण मागे घेतली आणि काकूंचा पाय सरळ झाला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या मागे टेकून बसल्या. मुलं शेजारी ऐसपैस. मागची तिसरी रांग पाडली की पोती आणि बॅगा दोन्ही मावतात.

दाजींची अडचण एवढीच की ही गाडी जास्त पिते. पुन्हा कागद घेतला. एर्टिगाला आमच्या वापरात 12 धरलं, पेट्रोल वॅगन-आरला 16. 7,000 किलोमीटरला फरक येतो 146 लिटरचा. लिटरला 100 रुपये धरले तरी वर्षाला साडेचौदा हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला बाराशेच्या थोडं वर. सीएनजीशी तुलना केली तर फरक आणखी वाढतो, हेही मी सांगितलं. पण म्हाताऱ्या माणसाला पाच तास नीट बसता यावं, यासाठी महिन्याला एवढी रक्कम मोजणं या घराला परवडणारं होतं. दाजींनी एर्टिगा घेतली.

प्रत्येक घराने सात सीटची गाडी घ्यावी, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट सात सीट हा शब्द ऐकून भुलू नये. पहिल्या एर्टिगात तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर डिकी उरते 135 लिटर, 2018 च्या नोव्हेंबरात आलेल्या दुसऱ्या पिढीत 209. सात माणसं आणि सात जणांचं सामान एकाच वेळी या गाडीत मावत नाही. रेनोची ट्रायबर लांबीला चार मीटरच्या आत आहे आणि तिची तिसरी रांग काढून ठेवता येते. पाच जणांसाठी डिकी 625 लिटर, सात बसवले की 84. तिचं इंजिन 1000 सीसीचं. सात मोठी माणसं बसवून, एसी लावून खंबाटकीचा चढ चढायचा असेल, तर टेस्ट ड्राइव्हही सात जणांना बसवूनच घ्यायला हवी. वर्षातून एकदा सात जण जाणार असतील, तर त्या दिवशी भाड्याची गाडी करावी.

डिकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगावीशी वाटते. जुन्या बाजारात गाडीचं नाव तेच राहतं, पण आतली गाडी पिढीगणिक बदललेली असते. चार मीटरपेक्षा लहान गाडीवर कर कमी लागतो, म्हणून 2012 मध्ये डिझायर आखूड झाली. 2008 च्या डिझायरची डिकी 440 लिटर होती, 2012 च्या मॉडेलची 316, आणि 2017 मध्ये ती 378 वर आली. वॅगन-आरची 2010 च्या मॉडेलची डिकी 180 लिटर, 2019 च्या मॉडेलची 341. नाव एक आणि जागा जवळपास दुप्पट. त्यामुळे "वॅगन-आर बघतोय" एवढ्यावर थांबू नका, कोणत्या वर्षाची, ते विचारा. आणि त्यात सीएनजी असेल, तर सिलिंडर डिकीतच बसलेला असतो, हे विसरू नका. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाला बसवले, म्हणून तिथे बॅग ठेवायला जागा उरली. बाकी बहुतेक जुन्या सीएनजी गाड्यांत डिकी नाही असंच समजून चाला.

ज्यांचं रोजचं रनिंग 50-60 किलोमीटर आहे, त्यांनी सीएनजी जरूर घ्यावी. त्यांचा हिशेब वेगळा आणि तो बरोबर आहे. फक्त किट कंपनीचं आहे की बाहेरून बसवलेलं, आरसीवर त्याची नोंद आहे का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे बघावं.

जागा आणि ॲव्हरेज एका गाडीत आणण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच पिंपरी-चिंचवडमध्ये झाला. डिसेंबर 1998 मध्ये टाटांनी इंडिका आणली, तेव्हा कल्पनाच अशी होती की बाहेरून झेनएवढी, आतून ॲम्बेसिडरएवढी, आणि चालवायचा खर्च डिझेलचा. पुढे रांजणगावला बनणारं फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांत आलं, आणि तेच इंजिन मारुतीने परवान्यावर आपल्या स्विफ्ट, डिझायर, एर्टिगात बसवलं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. त्यामुळे जुन्या बाजारात ज्या डिझेल एर्टिगा दिसतात, त्या सगळ्या त्याआधीच्या. भरपूर हायवे असेल तर अजूनही त्या चांगल्या, पण बऱ्याचशा खूप पळालेल्या असतात.

आणि मीटर मागे फिरवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. 45,000 चं रीडिंग दाखवणाऱ्या गाडीचा क्लच पेडलवरचा रबर गुळगुळीत झालेला असेल, तर विश्वास रबरावर ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. गाडी 2021 ची आणि टायर 2024 चे असतील, तर एवढ्या कमी रनिंगमध्ये ते का बदलावे लागले, हे विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला गाड्यांवरून पाणी गेलं. अशी गाडी आतून धुऊन, पॉलिश करून चकचकीत करता येते. पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात गाळाची तपकिरी रेघ राहून जाते. स्टेपनी उचलून तिच्या खालचा पत्राही हाताने चाचपा.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. आरटीओत नाव चढेपर्यंत विकणाऱ्याला सोडू नका. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी पैसे देण्याआधी हातात हवी. ई-चलन थकलेलं नाही ना, तेही तपासा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करा. दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून कुणी सांगितलं, तर इथे पासिंग करताना भरावा लागणारा रोड टॅक्स त्या किमतीत मिळवा आणि मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. विकणारा मात्र अजून आपल्या जुन्या बिलाकडे बघून भाव सांगतो. त्या मॉडेलची आजची नवी किंमत आधी विचारून ठेवा.

येत्या रविवारी कुणी गाडी बघायला निघणार असाल, तर एकट्याने जाऊ नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आणि सगळ्यात उंच मुलाला बरोबर न्या. दोघांना मागे बसवा, दारं लावा, आणि अर्धा तास गाडी चालवून आणा. परत आल्यावर आधी त्यांना विचारा, मग भावाचं बोला.