मुक्ती आणि मुजरा



ख्रिस्ती मंडळींत एक वाद फार जुना आहे. तारण व्हायला नुसता विश्वास पुरे, की विश्वासाबरोबर अधीनताही पाहिजे? आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. आमच्या पनवेलात गाळ्यागाळ्यातून प्रार्थना भरतात आणि तिथं टाळ्या वाजवणारे हात आपल्याच माणसांचे असतात. त्यातलाच एक दोस्त मला सांगत होता, "पाळक म्हणतो, येशूला तारणारा मानलंस पण धनी मानलं नाहीस, तर तारण नाही. मान वाकली पाहिजे."

मी विचारलं, कुणापुढं?

सगळी मेख तिथंच आहे. देव काही गाळ्यात खुर्ची टाकून बसत नाही. खुर्चीवर बसतो तो माणूस. पौलानं रोमकरांना लिहिलं, माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो. लूथरनं 16व्या शतकात हेच वाक्य धरून पोपाच्या सत्तेला आव्हान दिलं. म्हंजे विश्वास पुरे म्हणणाऱ्यानं मधला दलाल उडवला. पण त्याच बायबलात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं आणि गुलामांनी धन्याचं ऐकावं, असंही लिहिलंय. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी काळ्या गुलामांना नेमकं तेवढंच ऐकवलं. गुलामांनी मात्र त्याच पुस्तकातून मिसरातनं बाहेर काढणारा मोशे शोधला. पुस्तक एकच. वरच्याला त्यात अधीनता सापडते, खालच्याला सुटका.

आपल्या महाराष्ट्रातच बघा. पंडिता रमाबाईनं 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. विश्वास दिला, पण चर्चनं आज्ञाधारकपणा मागितला तेव्हा बाई अडली. सिस्टर जेराल्डिनशी तिची पत्रापत्री 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली, ती वाचा. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथंपासून भांडण. बामणांच्या जोखडातनं काढलेली मान दुसऱ्या भटांच्या जोखडात घालणार नाही, असा तिचा बाणा. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली, ती उगाच नाही. पुढं नारायण वामन टिळकांनीही 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

पण रमाबाई आणि टिळक, दोघं जन्मानं बामण. बिशपाशी भांडायला त्यांच्याजवळ विद्या होती, नाव होतं. नगर जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यातल्या माणसाजवळ काय होतं? गावच्या शाळेत त्याला दाराबाहेर बसवत, तेव्हा मिशननं पाटी हातात दिली, हे खरं आणि ते उपकार विसरू नयेत. पण शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, नोकरी मिशनची. अशा माणसाला 'अधीन हो' म्हणणं म्हंजे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक गोणी टाकणं. अधीनतेचा उपदेश ज्याच्याजवळ सत्ता आहे त्याला करा. आमच्या बापजाद्यांची अधीनता दोन हजार वर्षं शिकून झाली.

बाबासाहेबांनी या वादाच्या मुळावरच घाव घातला. 1936 च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' विचारलं आणि शेवटी बुद्धाचं सांगणं पुढं ठेवलं, आपणच आपला दिवा व्हा. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये त्यांनी भेद उघड केला. येशूनं स्वतःला देवाचा पुत्र मानण्याची अट तारणाला घातली. बुद्धानं आपल्या धम्मात स्वतःसाठी जागाच ठेवली नाही. तो मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. जो मोक्ष देतो त्याच्या दारात रांग लागते, रांग लागली की दरवान येतो आणि दरवान मुजरा मागतो. विश्वास पुरे की अधीनता पाहिजे, हा त्या दारातला वाद आहे. आपल्याला दारच नको, रस्ता पाहिजे.

दोस्तानं मला अडवलं, "मग तुम्ही बुद्धं सरणं गच्छामि म्हणता ते काय?" सवाल रास्त आहे. पण सरण म्हंजे आसरा, लोटांगण नव्हे. बुद्धानं जाताना गादीचा वारस नेमला नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः, एका गृहस्थानं, लाखोंना दिली. 22 प्रतिज्ञा बघ. मी हे करीन, मी ते करणार नाही, असं माणूस ताठ उभा राहून आपल्या तोंडानं बोलतो. पनवेल ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातलं, त्याच जिल्ह्यात महाडला 1927 साली आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. कुणाच्या पाया पडून नव्हे.

आता आपल्याच अंगावर येतो. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि आपण काय केलं? 1957 ला रिपब्लिकन पक्ष निघाला, त्याचे गट झाले. 1972 ला पँथर निघाली, दोन वर्षांत फुटली. प्रत्येक गटाला एक साहेब आणि प्रत्येक साहेबाला निष्ठा पाहिजे. सवाल विचारला की तू गद्दार. हे आपले निळे बिशपच की!

म्हणून त्या गाळ्यातल्या दोस्ताला हिणवू नका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती झालेला महार-मांग आजही बाहेर आहे. कुणापुढं हात जोडतोस, हे सरकारही त्याला विचारतंच. त्याच्या हक्कासाठी भांडा, मग त्याच्याशी वाद घाला. त्याला सांगा, येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते, शिष्यांकडनं धुवून घेतले नव्हते. आणि हे सांगण्याआधी आपल्या साहेबाच्या पायावरचा आपला हात काढा.

जय भीम.