पाट्याची सवत

पाटा-वरवंटा सोडून मिक्सरकडे वळायला आपल्याकडच्या कित्येक सासूबाईंना वर्षानुवर्षे लागली. हा नुसता नव्याचा तिटकारा होता असे मात्र समजू नका. पाट्यावर वाटण चिरडले जाते, मिक्सरमध्ये ते कापले जाते. चिरडले की लसणीचा रस आणि ओल्या खोबऱ्याचे दूध नीट सुटते. शिवाय पाते मिनिटाला हजारो फेरे घेते, त्यामुळे वाटण तापते आणि हिरवी कोथिंबीर काळपट पडते. ‘पाट्याची चव नाही’ ही तक्रार खरीच होती.

त्यात सुरुवातीची परदेशी यंत्रे आपल्या मसाल्यांसाठी बनलेलीच नव्हती. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनियर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा जर्मन मिक्सर असाच बंद पडला. मग माथुरांनी दणकट मोटरचा देशी मिक्सर तयार केला आणि 1963 मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. सुकी मिरची, हळद, भिजवलेली डाळ, काहीही घाला! सुमीत म्हणजे चांगला मित्र. पण ही मैत्री जमायला प्रत्येक घरात वेगळा वेळ लागला.

छत्तीसगडात तर सील-लोढ्याचा मान मोठा. पताल, म्हणजे टोमॅटो, त्याची चटणी सिलेवरच वाटायची आणि चीला-फऱ्याबरोबर खायची. रायपुरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतही ती आवडीने होते. 2012 मध्ये मंत्रालय नवा रायपुरात गेले आणि मागोमाग नोकरदारांची बिऱ्हाडे तिथल्या सेक्टरांतल्या फ्लॅटमध्ये गेली. आमच्या ओळखीच्या एक मावशीही मुलाबरोबर गेल्या, पाटा मात्र जुन्या घरीच राहिला. खांदा धरलेला, खाली बसले तर उठवत नाही, मग तो न्यायचा कशाला? सुनेने मिक्सर पुढे केला. ‘‘ते घोंघावणारं मेलं माझ्यासमोर नको,’’ म्हणत मावशी दोन महिने चटणीवाचून जेवल्या. छत्तीसगडात राहून चटणीवाचून!

सून शहाणी. तिने वाद घातला नाही. एका रविवारी टोमॅटो गॅसवर भाजून गार केले, छोट्या भांड्यात आधी मिरची, लसूण, मीठ फिरवले आणि टोमॅटो शेवटी टाकले. ‘‘आई, बटण एकसारखं चालू ठेवायचं नाही. उलट्या बाजूला फिरवून लगेच सोडायचं, तीन-चारदाच.’’ चटणी जाडसर राहिली. मावशींनी बोट लावले. ‘‘पाट्यासारखी नाही,’’ म्हणाल्या, ‘‘पण खाण्यासारखी आहे.’’

सगळी मेख त्या थांबण्यात आहे. मिक्सरच्या तळाशी लिहिलेलेही असते: पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद. कोण वाचतो? हिरव्या वाटणात गार पाणी घाला, भांडे अर्धेच भरा. मिक्सर एकदम बंद पडला तर लगेच दुकान गाठू नका. बऱ्याच मिक्सरांना खाली एक लाल बटण असते. जास्त भार पडला की मोटर जळू नये म्हणून ते वीज तोडते. प्लग काढा, भार कमी करा, मोटर निवू द्या आणि बटण दाबा.

मावशींनी आता मिक्सरला जुन्या साडीची झालर लावलेली खोळ शिवली आहे. सून भांड्याचे बूड ओलेच ठेवते, एवढी एक तक्रार त्या शेजारणींकडे अजून करतात.