जुगाडाचे गोडवे आणि दुरुस्तीचा हक्क

गरिबाने नाइलाजाने काढलेल्या वाटेचे कौतुक करण्याची आपल्या सुखवस्तू वर्गाला मोठी हौस आहे. संगणक थंड ठेवणारी थर्मल पेस्ट घरच्या घरी बनविण्याचे जे पाठ हल्ली दिले जातात, त्यांच्याही वाट्याला हेच कौतुक आले आहे. कोणी टूथपेस्ट लावतो, कोणी पेट्रोलियम जेलीत झिंक ऑक्साइडची पूड कालवतो, कोणी त्यात ॲल्युमिनियमची भुकटी घालतो. आणि यंत्र तासभर चालले की भारतीय माणसाच्या कल्पकतेचा जयघोष सुरू होतो. उलट, कंपन्यांचे तंत्रज्ञ या मंडळींना अडाणी ठरवून मोकळे होतात. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचे फलित एकच आहे. माणसाला टूथपेस्टपर्यंत जावे का लागले, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

तापलेले यंत्र म्हातारे ठरते

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संगणकाचा प्रोसेसर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींवर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात व त्यांत हवा अडकून राहते. तांब्याच्या तुलनेत हवेची उष्णतावाहकता सुमारे १५ हजार पटींनी कमी आहे. ही हवा हुसकावून तिची जागा भरून काढणे, एवढेच पेस्टचे काम. त्यासाठी एका ग्रॅमहूनही कमी पेस्ट पुरते.

कालांतराने हा लेप सुकतो, पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते आणि आतील तापमान चढू लागते. ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की बहुतेक प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतात. मालकाची समजूत होते की, यंत्र म्हातारे झाले. दुकानदार मान डोलावतो, नव्या मॉडेलचे माहितीपत्रक पुढे करतो आणि मासिक हप्त्यांचा हिशेब मांडतो. धूळ झटकून आणि जुना लेप पुसून नवा लावला असता तर जे यंत्र आणखी काही वर्षे चालले असते, ते भंगारात जाते. वस्तूचे उपयोगमूल्य शाबूत असताना तिचे विनिमयमूल्य शून्यावर आणण्याची ही किमया आहे, आणि मालकाचे अज्ञान हेच तिचे भांडवल आहे.

या अज्ञानाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. भोवतालची हवा जितक्या अंशांनी तापते, जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरही अधिक तापतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. चंद्रपूरच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली महा ई-सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणाचे यंत्र आणि मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयातील यंत्र यांची झीज सारखी कशी होईल? ज्याला चांगल्या लेपाची गरज सर्वांत अधिक, तोच त्यापासून सर्वांत दूर आहे.

जोखीम कोणाच्या माथी?

घरगुती लेपांचा गुणदोष भावनेने ठरविण्याचे कारण नाही. टूथपेस्टमध्ये पाणी असते. ते पहिले काही तास उष्णता वाहून नेते. मग पाणी उडून जाते, लेपाला भेगा पडतात आणि खळग्यांत पुन्हा हवा शिरते. त्यातील क्षार धातूलाही हानी पोचवू शकतात. पेट्रोलियम जेली साधारण ४० ते ७० अंशांच्या दरम्यान वितळते. कामाच्या ओझ्याखाली प्रोसेसर सहज ७० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ती ओघळून मदरबोर्डवर उतरते. ॲल्युमिनियमची भुकटी विजेची वाहक असल्याने शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो, शिवाय ती हवेत उडाली तर पेट घेऊ शकते. अशा प्रयोगांचे 'देशी तंत्रज्ञान' म्हणून पोवाडे गाणाऱ्यांनी हेही सांगितले पाहिजे की, यंत्र जळाले तर त्याची भरपाई कोण देणार? गाणारा देणार नाही आणि कंपनीही देणार नाही. उसनवारीने घेतलेला संगणक गमावणारा विद्यार्थीच ती देणार. तंगीने लादलेली जोखीम धाडस म्हणून गौरवावयाची आणि तिचा तोटा मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा, हेच या गौरवाचे अर्थशास्त्र आहे.

मग घरगुती पेस्टची कल्पनाच मूर्खपणाची काय? तसेही नाही. सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइडची बारीक पूड खलली की जो पांढरा लेप तयार होतो, तोच बाजारात साधी थर्मल पेस्ट म्हणून विकला जातो. झिंक ऑक्साइड रबराच्या कारखान्यांत वापरतात, त्वचेच्या मलमांत वापरतात. त्यात गुपित काही नाही. राजस्थानात जावर येथे कित्येक शतकांपूर्वी जस्त गाळले जात होते. स्वतंत्र भारताने १९६६ साली हिंदुस्थान झिंक हा सार्वजनिक उद्योग उभारला, आणि २००२ साली शासनाने त्यातील २६ टक्के भाग व्यवस्थापनासह खाजगी उद्योगसमूहाच्या हवाली केला. घरच्या वाटीत उणीव असते ती एकसारख्या बारीक कणांची, हवेचे बुडबुडे न राहतील अशा घोटण्याची आणि तयार झालेला लेप तपासण्याच्या सोयीची. या तिन्ही गोष्टी एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवाक्यातील आहेत. तेव्हा हा प्रश्न दुर्मीळ विद्येचा नसून सार्वजनिक व्यवस्थेचा आहे.

'स्वस्त तर मिळते!'

यावर बाजारवाद्यांचा ठरलेला आक्षेप असा की, पेस्टची नळी काहीशे रुपयांत मिळते. एवढ्याशा गोष्टीसाठी व्यवस्थेला दोष कशाला? पेस्ट स्वस्त आहे हे मान्यच आहे, आणि त्यामुळेच आक्षेप घेणाऱ्यांची बाजू लंगडी पडते. नफा पेस्टवर मिळत नाही. तो यंत्र बंद ठेवण्यावर मिळतो. नेहमीच्या पेचकसाने न निघणारे स्क्रू, 'सील तोडल्यास हमी रद्द' अशी धमकी देणारे स्टिकर, डिंकाने चिकटविलेले भाग आणि अधिकृत केंद्रांपुरती राखून ठेवलेली दुरुस्तीची माहिती, या साऱ्यांमुळे काहीशे रुपयांचे काम काही हजारांचे होते. काही कंपन्या आपल्या दुरुस्तीपुस्तिका सर्वांसाठी खुल्या ठेवतात. म्हणजे ते अशक्य नाही, हे त्यांनीच सिद्ध केले आहे. मग उरलेल्यांना सवलत कशासाठी?

शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात गिऱ्हाइकाला दहा दुकाने फिरता येतात. धडगाव किंवा भामरागडच्या माणसाने काय करावे? नळीवर उष्णतावाहकतेचा जो भरघोस आकडा छापलेला असतो, तो किती जाडीच्या थरावर, कोणत्या दाबाखाली मोजला, हे सहसा त्यावर नसते. खते आणि बियाणे यांच्या गुणवत्तेची तपासणी शासनाचे कर्तव्य मानली जाते. तर ज्या यंत्रावर शिक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि सातबाराचे उतारे अवलंबून आहेत, त्याच्या देखभालीची वस्तू रामभरोसे का?

विसरलेला वारसा

दुरुस्ती हे सार्वजनिक काम असू शकते, हे या देशाने एकदा करून दाखविले आहे. फेरा कायद्यानुसार आपल्या भांडवलातील विदेशी हिस्सा कमी करण्याचे आयबीएमने नाकारले आणि जनता राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली काढता पाय घेतला. देशभरातील तिची यंत्रे बंद पडतील अशी हाकाटी तेव्हा करण्यात आली होती. ती यंत्रे चालू ठेवण्याचे काम १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतले, आणि भारतीय तंत्रज्ञांनी ते निभावले. देखभाल हा शब्द नावातच मिरविणारी ही कंपनी पुढे सीएमसी म्हणून ओळखली गेली. २००१ साली शासनाने तिचे बहुसंख्य भाग टाटा समूहाला विकले. २०१५ साली ती टीसीएसमध्ये विलीन झाली. सार्वजनिक देखभालीचे कार्य मात्र कोणाच्याच खात्यावर उरले नाही.

त्यानंतर काय झाले? २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. भांडवली देशातही लोकांच्या दडपणाने एवढे होऊ शकते. आपल्याकडे अकाली मेलेले संगणक दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातात आणि तेथे हातमोज्यांवाचून तारा जाळणारे, ॲसिडने धातू काढणारे मजूर त्यांचे अंत्यसंस्कार करतात. वाया गेलेल्या एका ग्रॅम लेपाचा हिशेब असा शेवटी मजुरांच्या फुप्फुसांत मांडला जातो.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाची दुरुस्तीपुस्तिका, मराठीसह भारतीय भाषांत, खुली करण्याचे बंधन कायद्याने घालावे. पंखा साफ केला वा लेप बदलला एवढ्यावरून हमी नाकारणे बेकायदा ठरवावे. प्रत्येक जिल्ह्यातील एका आयटीआयत किंवा तंत्रनिकेतनात सार्वजनिक दुरुस्ती केंद्र असावे. तेथे पेस्ट बनवावी, तपासावी, नाममात्र दरात द्यावी आणि ती लावण्याचे शिक्षणही द्यावे. ग्राहक पंचायती, विद्यार्थी संघटना आणि दुरुस्ती कारागिरांच्या संघटना यांनी या मागण्यांसाठी एकत्र आले पाहिजे. तोपर्यंत टूथपेस्ट लावणाऱ्याला कोणी हसू नये, आणि त्याचे कौतुक तर मुळीच करू नये. त्याला शाबासकी नको आहे. त्याला हवी आहे ती चांगली पेस्ट, आणि स्वतःचे यंत्र उघडण्याचा हक्क.