मत कामगाराचे, सही प्रतिनिधीची

एकदा कमिटी निवडून दिली की आपले काम संपले, ही समजूत कामगार चळवळीला नेहमीच महाग पडली आहे. मतदार कोण, प्रतिनिधी कोण आणि दोघांची एकमेकांवरची जबाबदारी कोणती, हा प्रश्न पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे.

दिल्लीजवळच्या मानेसरचे उदाहरण घ्या. 4 जून 2011 रोजी मारुती सुझुकीच्या तेथील कामगारांनी स्वतःच्या संघटनेसाठी तेरा दिवस संप केला. जुन्या संघटनेच्या जुलैमधील निवडणुकीवर मानेसरच्या बहुसंख्य कामगारांनी बहिष्कार टाकला. त्यांचे म्हणणे सरळ होते : प्रतिनिधी आमचा हवा. ऑक्टोबरमध्ये कंत्राटी कामगारांना परत घ्यावे यासाठी कायम कामगार त्यांच्याबरोबर उभे राहिले. पण त्यानंतर निलंबित असलेले तीस जण, ज्यांत प्रमुख नेतेही होते, कंपनीशी हिशेब करून बाहेर पडले. गेटवरच्या कामगाराला हे नंतर कळले. त्या तिसांवर दडपण मोठे होते, हे मान्य. तरी ज्यांनी त्यांच्या शब्दावर पगार बुडवला, त्यांना आधी विचारायला नको होते का? कामगारांनी हिंमत सोडली नाही. 2012 च्या आरंभी नवी संघटना नोंदवून घेतली.

मराठी वाचकाला हे नवे नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात प्रातिनिधिक संघटना सभासदसंख्येवर ठरे, गुप्त मतदानाने नव्हे. 18 जानेवारी 1982 पासून गिरणगावचे अडीच लाख कामगार संपावर होते. वाटाघाटीचा कायदेशीर हक्क मात्र दुसऱ्याच संघटनेकडे राहिला. मतदार एकीकडे, प्रतिनिधी दुसरीकडे. याउलट 1928 च्या संपाच्या सुमारास गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या उभारल्या होत्या. तेथे प्रतिनिधी रोज सांच्यापाशी भेटत असे.

आज संगणकाच्या जाळ्यावर ‘ब्लॉकचेन’च्या आधारे चालणारे काही समूह आहेत. कंपाउंडसारख्या समूहात टोकनधारक आपले मत प्रतिनिधीकडे सोपवतो आणि पटेनासे झाले की केव्हाही काढून घेतो. प्रतिनिधीने कोठे काय मत दिले, ते सर्वांना दिसते. हे शिकण्यासारखे आहे. पण तेथे माणशी एक मत नाही. ज्याची टोकने जास्त त्याची मते जास्त. ही भागधारकांच्या सभेचीच तऱ्हा झाली, ती आपल्याला नको. शिवाय मत परत घेण्याची कल्पना कामगारांना नवी नाही. 1871 च्या पॅरिस कम्यूननेच प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क मानला होता.

नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा प्रश्न आणखी निकडीचा केला आहे. अनेक संघटना असतील तर हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करणार. तशी कोणी नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद. म्हणजे थोड्या हातांत मोठा अधिकार. आणि ठेकेदाराच्या पटावरचा कामगार या मोजणीत कोठे?

काही कार्यकर्ते म्हणतील, वाटाघाटीच्या टेबलावरून प्रत्येक कलमासाठी गेटवर धावता येत नाही. खरे आहे. प्रतिनिधीला मोकळीक हवीच. पण ती सभेने आखलेल्या मर्यादेत.

म्हणून प्रत्येक संघटनेने आपल्या घटनेत चार गोष्टी घालाव्यात. कराराचा मसुदा सहीपूर्वी द्वारसभेत वाचून मंजूर करून घ्यावा. कमिटीत कोणी काय मत दिले त्याची नोंद सभासदांना पाहता यावी. ठराविक सभासदांच्या सह्या झाल्या की प्रतिनिधीला परत बोलावण्यासाठी सभा घ्यावी. कंत्राटी कामगारांना सभासदत्व आणि कमिटीत जागा द्यावी.

मतदाराचेही कर्तव्य आहे. वर्गणी द्यायची नाही, सभेला यायचे नाही आणि करार झाल्यावर चहाच्या टपरीवर पुढाऱ्याला शिव्या द्यायच्या, हे चालणार नाही. ज्या सभेला शंभरातले दहा येतात, तेथे दहा जणच संघटना चालवणार. पुढची सर्वसाधारण सभा कधी आहे, एवढे तरी आज आपल्या कमिटीला विचारा.